ऊन दाखवू नये

मधली सुट्टी संपून मुलं वर्गात बसली होती आणि मी सतराचा पाढा म्हणून घेत होते. तेवढ्यात एसटीडी बूथवाला गोविंद दारात येऊन उभा राहिला. गोविंद बूथ सोडून कधी हलत नाही. निरोप द्यायचा झाला तर तो कुणाला तरी पिटाळतो. तो स्वतः आला म्हटल्यावरच माझ्या हातातला खडू थांबला. "बाई, बीडहून फोन आलता. सलीमभाईचा. अण्णाला बरं न्हाई म्हनले, तुमी लगेच निघा." मी विचारलं, "फोन चालू हाय का ठेवला?" "ठेवला," म्हणून तो खाली बघायला लागला. मी फळ्याकडे वळले आणि उरलेला पाढा शेवटपर्यंत म्हणून घेतला. का, ते मला अजून सांगता येत नाही. पाढा अर्धा टाकला तर ते खरं होईल, असं काहीतरी वाटलं असावं…

गेवराईहून बीडला एसटीनं तासभर लागतो. तो तासभर मी मुठीतला खडू धरूनच बसले होते. अण्णा माझा थोरला भाऊ. त्याच्या दोस्ताचं, सलीमचं, भंगाराचं गोदाम बसस्थानकाच्या मागच्या बाजूला आहे. तिथे वजनकाट्याशेजारी सतरंजी टाकून अण्णाला निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. अण्णा ढिगातून एक हिरवी पाटी काढून दाराशी घेऊन गेला, उजेडात धरून बघितली, "हे अजून जितं हाय बे, सलीम," म्हणाला आणि तिथेच खाली बसला, एवढंच सलीमला सांगता आलं. पाणी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. स्वामींनी त्याच्या तळहातावर लिंग ठेवलं, बोटं मिटवली, तेव्हा त्या बोटांवरचे सोल्डरिंगचे बारीक डाग मला दिसले. भस्म लावलं तरी ते झाकले गेले नाहीत. मी तेव्हा रडले, तोवर रडले नव्हते.

याला आता सात आठवडे होतील. पुरवणीच्या संपादकांनी अण्णाविषयी लिहा म्हटलं, ते त्यांना त्याचा छंद नवलाचा वाटला म्हणून. मीही हो म्हटलं. पण मला लिहायचं आहे ते वेगळ्याच कारणानं. मला एक कबुली द्यायची आहे. अण्णानं आयुष्यात सगळ्यात जपून ठेवलेली गोष्ट माझ्या हातून नाहीशी झाली. मायेनं केलं, हौसेनं केलं, आणि सहा वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता. त्याला होता. सहा वर्षं तो माझ्या हातची भाकर खात राहिला आणि एका शब्दानं बोलला नाही. आता ज्याची माफी मागायची तोच नाही, म्हणून तुमच्यापुढे सांगते आहे.

अण्णाचं नाव मन्मथ. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. दिंद्रुडला आमच्या बापूंचं किराणा दुकान होतं. वाण्याच्या पोरानं तराजू धरायचा, ही घरची रीत. पण याला गल्ल्यावर बसवलं की हा मागच्या पोत्यांवर जाऊन काहीतरी उघडून बसे. एकदा त्यानं बापूंचा रेडिओ खोलला आणि परत जोडला. रेडिओ वाजायला लागला, पण एक स्क्रू हातात उरला. बापू म्हणाले, "स्क्रू उरला तर ह्यो वाजतो कसा?" अण्णा म्हणाला, "बापू, त्यो जास्तीचाच व्हता." बापू ती गोष्ट गिऱ्हाइकांना आठवडाभर सांगत होते, आणि त्याच हसण्यात कधीतरी त्यांनी ठरवून टाकलं की हे पोर दुकानात टिकणार नाही. औरंगाबादला ठेवून त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करू दिला. पुढे तो बीडच्या तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना गेला, तोवर सहायकच राहिला. बढतीचा विषय काढला की म्हणायचा, "सायबाला खुर्ची असती, मला किटं हायत."

किट म्हणजे काय, हे मला त्यानंच शिकवलं, म्हणून तुम्हालाही सांगते. जेवणाच्या ताटाएवढी हिरवी पाटी. तिच्यावर काळ्या सुरवंटासारख्या चिपा बसवलेल्या, एका कोपऱ्यात पंचवीस-तीस बटणं आणि वर लाल उजेडाचे सहा आकडे. पडदा नाही, टाइप करायला कळफलक नाही. पोरं आकडे दाबून दाबून मशीनच्या मेंदूला दोन संख्यांची बेरीज करायला शिकवत. आपण तोंडानं पटकन सांगू ती बेरीज करायला त्यांना सगळं प्रॅक्टिकल लागे. मी चिडवायची, तर अण्णा म्हणायचा, "शकू, तू बी पैलीच्या पोरांना बेरीज शिकवायला वरीस घेतेस." एकदा त्यानं मला समोर बसवलं आणि चार बटणं दाबली. लाल अक्षरात उमटलं, बी, ई, ई, डी. या यंत्रांच्या मोजणीत आकडे संपले की ए पासून एफ पर्यंतची अक्षरं आकडे म्हणून वापरतात म्हणे. "बघ, आपलं बीड यात बसतं. मुंबई बसत न्हाई. पुणं बसत न्हाई." मी विचारलं, "आन् गेवराई?" "गेवराई बी न्हाई बसत." "मग काय उपेग," म्हणून मी उठले. तो मात्र बराच वेळ त्या चार अक्षरांकडे बघत कौतुकानं हसत होता.

त्याची बायको, आमची निर्मला वहिनी, मला फार थोडी मिळाली. ती आली तेव्हा मी लग्न होऊन सासरी गेले होते. सणावाराला भेटायची तेवढीच. बोलायला चटपटीत. साखर कारखान्यातल्या जुन्या मशीनची भोकं पाडलेली कार्डं अण्णानं कुठूनशी गठ्ठाभर आणली होती, त्यांच्या पाठीवर ती वाण्याची यादी करायची आणि म्हणायची, "यांचा कॉम्प्युटर मला लई कामाचा." मूल झालं नाही, पण त्या दोघांना बघून कुणाला कीव करावीशी वाटली नाही. कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. पुढच्या वर्षी माझे मालक गेले. सासरी माझी कुणाला गरज नव्हती, आणि मला जिल्हा परिषदेच्या शाळेत गेवराईला, अण्णा राहायचा त्याच गावी, नोकरी मिळाली. अण्णा ट्रंक न्यायला आला तेव्हा म्हणाला, "चल, माझ्या घरी चूल पेटत न्हाई." अशी दोन मोडक्या संसारांची एक चूल झाली, आणि खरं सांगते, ती पंधरा वर्षं सुखात पेटली.

मग ती नवी वर्षं आली. देशानं दारं उघडली, असं वर्तमानपत्रात रोज यायचं. आमच्या गेवराईत ती अशी उघडली की पिठाच्या गिरणीच्या वर कॉम्प्युटर क्लास निघाला, माळवदांवर डिशच्या छत्र्या उगवल्या आणि पानटपरीवर परदेशी पेयाच्या बाटल्या दिसायला लागल्या. अण्णाच्या कॉलेजात रंगीत पडद्याचे कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी थंड हवेची खोली झाली, चपला बाहेर काढायचा नियम झाला. आणि जुनी किटं व्हरांड्यात आली. तिथून निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या, यादीत, आणि यादीतून सलीमच्या हातगाड्यावर. सलीम पूर्वी रेडिओ मेकॅनिक. रेडिओ बंद पडत गेले तसा तो भंगारात शिरला. अण्णाची आणि त्याची तीस वर्षांची दोस्ती. कॉलेजचा माल सलीमनं उचलला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा रजा टाकून गोदामात गेला आणि दोन दिवस ढिगात बसून राहिला. एकतीस किटं टेंपोत घालून घरी आणली. मी कपाळाला हात लावला. "अण्णा, लोक भंगार बाहेर काढत्यात, तू घरात आनतूस?" तो एकेक पाटी उतरवून आत नेत राहिला. त्याचा चेहरा इतका हलका झाला होता की मी पुढं बोलले नाही.

एकदा सुरुवात झाली ती झालीच. औरंगाबादच्या बाजारातून, बंद पडलेल्या कारखान्यातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून तो असल्या पाट्या आणत राहिला. टीव्हीला जोडायचे सुरुवातीचे कॉम्प्युटर आले, पोळपाटाएवढ्या फ्लॉपी आल्या. कुठली पाटी कुठून आली ते तो शाळेच्या वहीत लिहून ठेवी. पोरं कंटाळली की किटच्या पाठीवर कर्कटकाच्या टोकानं नावं कोरत. कुठं 'संजय', कुठं बाण मारलेलं कुणाचं तरी नाव. अण्णा ते कधी घासून काढायचा नाही. माझ्या जुन्या साड्या फाडून त्यानं प्रत्येकीला झाकण शिवलं होतं. माझी लग्नातली हिरवी साडी विटली तेव्हा तिच्यातही तीन किटं झाकली गेली.

संध्याकाळी कॉलेजातून आला की हातपाय धुऊन तो त्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. आत खरखर व्हायची, रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की होते तशी, आणि तिच्यात बाईमाणसाच्या आवाजासारखं काहीतरी. क्षणभरच. मला वाटायचं बातम्या लावतोय आणि लागत नाहीत. दहा मिनिटांनी तो बाहेर येई, ताजातवाना. मी कधी विचारलं नाही. पंधरा वर्षं एका घरात राहून माणूस किती गोष्टी विचारत नाही, ते आता कळतं.

आता माझ्या करणीकडे येते. त्या वर्षी पाऊस फार झाला. खोलीच्या भिंतींना ओल आली, साडीच्या झाकणांना बुरशी धरली, आणि खोलीत गेलं की नाकाला झोंबायचं. पितृपंधरवडा लागला तेव्हाच अण्णाला नव्या कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस पुण्याला पाठवलं. घट बसायच्या आत सगळं घर धुऊन, अंथरुणं-पांघरुणं, डबे, गाठोडी, सगळं उन्हात घालायचं ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, अण्णा येईपर्यंत त्याची खोलीही लख्ख करून ठेवू. एकेक किट मी कुंचल्यानं झाडलं, घासलेटच्या फडक्यानं कडा पुसल्या. बऱ्याच चिपांच्या पाठीवर कागदाचे तुकडे चिकटवलेले होते, तेलकट, काळे पडलेले, झुरळांनी कडा खाल्लेल्या. ते नखानं काढून टाकले. खाली काचेची इवली खिडकी निघाली, तीही पुसून चकचकीत केली. मग माळवदावर चादर अंथरून सगळी किटं उताणी मांडली. रोज सकाळी मांडायची, दिवस मावळला की झाकायची. दहा-बारा दिवस कडक ऊन खाऊ घातलं त्यांना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, औंदा पापड-कुरडयावानी कॉम्प्युटर वाळवलेत वाटतं." मला त्याचा अभिमान वाटला.

अण्णा आला ते मी त्याला हाताला धरूनच खोलीत नेलं. भिंतीला चुना, फळ्यांवर नवे कागद, किटं ओळीनं. तो दारातच थांबला. मग आत जाऊन खालच्या फळीवरचं एक किट उचललं आणि उलटंसुलटं बघितलं. "ह्याच्यावरचे कागद कुठायत, शकू?" मी म्हटलं, "फेकले. काळेकुट्ट झालते." "समद्यांचे?" "समद्यांचे. कावून, काय झालं?" त्यानं किट परत ठेवलं, तिथला नसलेला धुरळा हातानं पुसला. "काय न्हाई. लई चांगलं केलंस. वास बी गेला." मग म्हणाला, "जरा पडतो, प्रवासानं अंग आंबलंय." जेवला नाही. मला वाटलं, पुण्याचं पाणी बाधलं. खंडेनवमीला आम्ही किटांची पूजा करतो, हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. त्या वर्षी अण्णानं फुलं वाहिली, पण एका किटापुढं तो नको तेवढा वेळ बसला. दसऱ्यानंतर त्यानं बाजारातून चंदेरी चिकटपट्टी आणली आणि एकेका चिपेवर लावत बसला. मी म्हटलं, "आता हे काय नवीन?" तर म्हणाला, "शोभेला."

त्यानंतर संध्याकाळची खरखर बंद झाली. तो खोलीत जायचा, दार लोटायचा, दहा मिनिटांनी यायचा. पण आतून आवाज येत नसे. रेडिओ बिघडला असेल, म्हणून मी तोही विषय सोडला.

त्याच थंडीतली एक गोष्ट आठवते. मी भाकरी टाकून नेहमीसारखी खोलीच्या दारातून ओरडले, "अण्णा, भाकर निवाली, उठतूस का न्हाई?" आतून आवाज आला, "ऐकू न्हाई आलं, परत म्हन." मी परत म्हटलं. "जरा हळू म्हन, नेहमीवानी." मी वैतागले. "बहिरा झालास का? भाकर निवाली, उठतूस का न्हाई?" मग तो बाहेर आला आणि काही न झाल्यासारखा पाटावर बसला. मी पुढं आठ दिवस त्याला कानाच्या डॉक्टरकडं चल म्हणून छळलं. तो नुसता हसायचा. काही दिवसांनी आतली खरखर पुन्हा सुरू झाली, आणि मी म्हटलं, चला, केला वाटतं रेडिओ दुरुस्त.

तो गेल्यावर महिनाभर मी त्या खोलीचं दार उघडलं नाही. शेवटी मनाशी ठरवलं की आपल्याला यातलं काही कळत नाही, नुसतं कुजवण्यापेक्षा सलीमला देऊन टाकावं. निरोप धाडला. सलीम टेंपो घेऊन आला, पण माल उचलायला हात लावेना. खोलीत मांडी घालून बसला. मला तो आपा म्हणतो. "आपा, एक पाटी सोडून न्यावं लागंल. ती खालची. ती मी न्हाई नेत."

"का?"

"मला बोलू नको म्हनलाता त्यो. कसम घातलीती. पर आता त्यो न्हाई, आन् तुमी ती मलाच द्यायला निघाल्या. आता गप बसलो तर अल्ला मला इचारंल."

मग त्यानं सांगितलं. वहिनी असताना कॉलेजच्या प्रदर्शनासाठी अण्णानं पोरांकडून एक बोलणारं किट करून घेतलं होतं. चार सेकंदांचा आवाज चिपेत भरायचा आणि बटण दाबलं की तो स्पीकरमधून यायचा. आवाज कुणाचा घ्यायचा, तर अण्णानं कॉलेजचा टेपरेकॉर्डर घरी आणला. वहिनी लाजली, भाषण-बिषण म्हणेना. शेवटी बाहेर जायच्या घाईत ती रोज म्हणायची तेच बोलली, आणि तेच टेपवर आलं. "अहो, दार लोटून घ्या, मांजर येईल." कॅसेट कॉलेजची, तिच्यावर पुढं दुसरंच काही भरलं गेलं. वहिनीचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं, ते त्या एका चिपेत.

"किटं भंगारात निघाली तवा त्यो माझ्याकडं दोन दिस ढीग उपसत बसलाता," सलीम म्हणाला. "त्याला एकच पाटी पायजे व्हती, आपा. गावली तवा लेकरावानी रडला. मी म्हनलं, गावली ना बे, मग बाकीच्या तीस कशाला नेतूस? तर म्हनला, यांच्यात बी कुनाचं तरी काहीतरी असंल."

मी विचारलं, "मग माझ्यापासून लपवायची कसम कशाला?" आणि विचारतानाच मला कळत गेलं, कारण सलीम माझ्याकडं बघत नव्हता. उरलेलं त्यानं सांगितलं. त्या काचेच्या खिडकीतून ऊन आत गेलं की चिपेतलं सगळं पुसलं जातं. एका दिवसात नाही, पण आठ-दहा दिवस कडक ऊन लागलं तर काही उरत नाही. म्हणून ते कागद. पुण्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णा ते किट घेऊन सलीमकडे गेला होता. दोघांनी तीन तास नाना तऱ्हेनं करून बघितलं. चिप कोरी होती.

"मी म्हनलं, आपाला सांग तरी. तर म्हनला, तिला ठाव झालं तर ती ह्या घरात भाकर खायची न्हाई. तिला दुसरं घर न्हाई, सलीम. आवाज तर गेलाच, आता तिला कशाला घालवू?"

मी काय केलं ते धड आठवत नाही. सलीम म्हणतो, मी उठून माळवदावर गेले आणि चादर अंथरायची तिथं नुसती उभी राहिले. नवरा गेला तेव्हा मला दुःख झालं होतं, पण लाज वाटली नव्हती. या खेपेला दोन्ही एकदम आलं, आणि दोन्हींतलं एकही अजून गेलेलं नाही. मी त्या दिवशी शेजारणीपुढं अभिमानानं हसले होते, हे माझ्या डोक्यातून जात नाही. लोक म्हणतात, तुम्हाला काय माहीत होतं. खरं आहे. पण मी एका शब्दानं विचारलं असतं, अण्णा, हे कागद कशाला… एवढंसुद्धा मी पंधरा वर्षांत विचारलं नव्हतं.

खाली आले तेव्हा सलीमनं किटावरचं झाकण काढलं होतं. माझ्या हिरव्या साडीचं. चिपेवर चंदेरी पट्टी होती आणि तिच्यावर अण्णाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'ऊन दाखवू नये.' सहा वर्षं ते तिथंच होतं आणि मी वाचलं नव्हतं. पाटीला दोऱ्यानं एक भोकांचं कार्ड बांधलेलं, त्याच्या पाठीवर कुठली बटणं कशी दाबायची ते. सलीम म्हणाला, "रिकामी चिप त्यानं फेकली न्हाई. नंतर तिच्यात काय भरलं ते मला बी न्हाई सांगितलं. बघू का, आपा?" मी मान हलवली. त्यानं वायर जोडली. लाल आकडे उजळले. कार्डावर होतं तसं त्यानं दाबलं, बी, ई, ई, डी, आणि शेवटचं बटण.

खरखर झाली. तीच, संध्याकाळची. आणि त्या खरखरीतून एक वैतागलेली बाई ओरडली, "भाकर निवाली, उठतूस का न्हाई?"

माझाच आवाज तो. मला ओळखायला क्षणभर लागला, सलीमला लागला नाही. तो तोंडावर हात घेऊन बाहेर गेला. ज्या जागेवरून मी त्याच्या बायकोला पुसून टाकलं, त्याच जागेवर अण्णानं मला ठेवलं होतं. आणि मी स्वयंपाकघरात त्याच्या नावानं बोटं मोडत असताना तो आत दार लोटून, माझीच हाक ऐकत बसायचा.

सलीम टेंपो रिकामा घेऊन गेला. किटं इथंच आहेत. आता पंधरा दिवसांतून एकदा येऊन एकेक चालू करून बघतो म्हणाला. परवा घट बसले. त्याआधी रीतीप्रमाणे मी सगळं घर उन्हात घातलं, गाद्या, उशा, अण्णाचे शर्ट, त्याची चप्पलसुद्धा. खोलीला हात लावला नाही. ओल आली आहे, येऊ दे.

संध्याकाळी भाकरी झाल्या की मी त्या खोलीत जाते आणि कार्डावरची बटणं दाबते. हाक येते. मी ओट्याशी परत येते, भाकरी खरंच निवत असतात, आणि त्या हाकेला उठून येणारं आता कुणी नाही. वहिनीचा आवाज कसा होता, ते मला नीट आठवत नाही. मी खूप आठवून बघितलं. तिचे शब्द मात्र सलीमनं मला दिले आहेत. म्हणून खोलीतून बाहेर पडताना मीच ते म्हणते, पुरेसं मोठ्यानं, आतल्या चिपांना ऐकू जाईल असं. दार लोटून घ्या, मांजर येईल. आणि मग दार लोटून घेते.